काहीही न हलवता एका कॅमेऱ्याने आठ नमुने: बेळगावात बांधता येईल असा वेगवान सूक्ष्मदर्शक

सूक्ष्मदर्शकाखाली एक नमुना बघणं सोपं आहे. आठ जिवंत नमुने एकाच वेळी बघायचे म्हटलं की पंचाईत होते. मोठ्या प्रयोगशाळांतली यंत्रं हे काम मोटरवर करतात: नमुन्यांची थाळी सरकवायची, थांबायचं, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायची. प्रत्येक थांब्याला थाळीतलं पाणी डुचमळतं, ते निवळेपर्यंत वाट बघावी लागते आणि पाण्यातला जीव धक्क्याने बिचकतो तो वेगळाच. शिवाय आठवा नमुना बघून पहिल्याकडे परत येईपर्यंत काही सेकंद गेलेले असतात. डॅफ्निया म्हणजे तळ्यातल्या पाणपिसवेचं हृदय सेकंदाला चार-पाच वेळा धडधडतं. तेवढ्या वेळात पहिल्या पिसवेचे कितीतरी ठोके निसटून जातात.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो साधा आहे आणि आपल्या भागातल्या कारखान्यांत बनण्यासारखा आहे. नमुने हलवायचे नाहीत, कॅमेरा हलवायचा नाही, भिंगंही हलवायची नाहीत. फक्त उजेड एका नमुन्यावरून दुसऱ्यावर न्यायचा. एलईडी चालू-बंद व्हायला मायक्रोसेकंद पुरतात आणि त्यात झिजणारं काहीच नाही.

२०२१ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे गिल बब, इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे अलेक्झांडर कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत ‘ई-लाइफ’ या नियतकालिकात मांडली. हृदयपेशींचे थर आणि सी. एलेगन्स नावाचे सूत्रकृमी त्यांनी या पद्धतीने पाहिले. पुढची मांडणी त्याच तत्त्वावर, पण आठ नमुन्यांपुरती आणि कॉलेजच्या बाकावर मावेल अशी आखली आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी इथल्या बीएस्सीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना एका सत्रात ती उभी करता यावी.

आधी तत्त्व

प्रत्येक नमुन्याखाली त्याचं स्वतःचं एक बहिर्गोल भिंग असतं. नमुना भिंगाच्या बरोबर नाभीवर ठेवला की नमुन्याच्या एका बिंदूतून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन खाली जातात. खाली एकच मोठा पॅराबोलिक आरसा असतो. अक्षाला समांतर आलेला किरण आरशावर कुठेही पडला तरी पॅराबोला त्याला एकाच नाभीवर पाठवतो. दुर्बिणीत ताऱ्याचा उजेड असाच गोळा होतो. त्या नाभीवर कॅमेऱ्याचा सेन्सर बसवला की आठही नमुन्यांची चित्रं त्याच एका सेन्सरवर, त्याच जागी पडतात.

आठही दिवे एकदम लावले तर आठ चित्रं एकमेकांवर चढतील. म्हणून एका वेळी एकच दिवा लावायचा. पहिला दिवा, पहिला फोटो; दुसरा दिवा, दुसरा फोटो. सेकंदाला १२० फोटो काढणारा कॅमेरा असेल तर आठ नमुन्यांची एक फेरी सेकंदाच्या पंधराव्या भागात पूर्ण होते.

चित्र किती मोठं होईल ते आरशाचं नाभीअंतर आणि भिंगाचं नाभीअंतर यांच्या भागाकारावर ठरतं (‘४५० मिमी नाभी’ म्हणजे नाभी तेवढ्या अंतरावर). ४५० मिमी नाभीचा आरसा आणि १०० मिमी नाभीचं भिंग घेतलं तर चित्र साडेचार पट होतं. पुढचे सगळे आकडे याच जोडीचे आहेत, त्यामुळे आरसा वेगळा मिळाला तर गणित नव्याने करा.

सामान जमवताना

आरसा ११४ मिमी व्यासाचा आणि ४५० मिमी नाभीचा घ्या. नवशिक्यांच्या न्यूटोनियन म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत हा आकार बऱ्याचदा असतो. ग्रहणाच्या वेळी हौसेने आणलेली आणि नंतर कपाटात पडून राहिलेली दुर्बीण अनेक शाळांत असते, तेव्हा आधी तिथे विचारा. आरसा पॅराबोलिक असल्याची खात्री करून घ्या. त्याचा मुलामा काचेच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून पृष्ठभागाला बोट लावायचं नाही आणि रुमालाने पुसायचं तर अजिबात नाही. धूळ फुंकणीने उडवा.

भिंगं २५ मिमी व्यासाची, १०० मिमी नाभीची आणि एका बाजूने सपाट अशी आठ लागतील. चष्म्याच्या हिशेबात हा अधिक १० नंबर झाला. सपाट बाजू नमुन्याकडे आणि फुगीर बाजू आरशाकडे ठेवा. उलट बसवलं तर चित्र उगाच मवाळ होतं. भिंगाखाली काळ्या कार्डाची चकती लावा आणि तिला मधोमध १२ मिमीचं भोक ठेवा. उजेड थोडा कमी होतो, पण साध्या भिंगाच्या कडेचे किरण नीट जुळत नाहीत आणि तेच या चकतीने अडवले जातात. एवढ्याने साधारण ५ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील मिळतो. पॅरामिशियम या पाण्यातल्या एकपेशीय जीवाचं शरीर आणि त्याची चाल दिसेल, त्याच्या अंगावरची लव दिसणार नाही.

कॅमेरा ओव्ही ९२८१ सेन्सरचा, कृष्णधवल, १२८० बाय ८०० पिक्सेलचा घ्या. तो सेकंदाला १२० चित्रं देतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला ग्लोबल शटर आहे. मोबाइलचे आणि साधे वेबकॅम चित्र वरून खाली एकेक ओळ करून टिपतात. मध्येच दिवा बदलला की वरचं अर्धं चित्र पहिल्या नमुन्याचं आणि खालचं अर्धं दुसऱ्याचं येतं. ग्लोबल शटर सगळं चित्र एकाच क्षणी टिपतं. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. मॉड्यूल निवडताना बाहेरून ट्रिगर म्हणजे फोटो काढण्याचा संकेत देण्याची पिन असलेलंच निवडा. सोबत आलेलं छोटं भिंग काढून ठेवा, आपल्याला नुसता उघडा सेन्सर हवा आहे.

दिव्यांसाठी ५ मिमीचे हिरवे एलईडी आठ, प्रत्येकाला २२० ओहमचा रोधक आणि एक आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) एवढं पुरे. हिरवाच रंग अशासाठी की साधं भिंग प्रत्येक रंगाला वेगळ्या अंतरावर आणतं. पांढरा दिवा लावला तर चित्राच्या कडांना झालर येते. एलईडीचं टोक झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट आणि दुधी करून घ्या, म्हणजे त्याच्या आतली तार चित्रात दिसणार नाही. एलईडीमधून साधारण ९ मिलिअँपिअर जातात, आर्डुइनोच्या पिनेला ते सहज झेपतात, आणि नमुना तापत नाही.

उद्यमबागेत न्यायचं ड्रॉइंग

इथे बेळगावकरांचं भाग्य आहे. उद्यमबाग आणि मच्छे भागात लेथ आणि मिलिंगची कामं करणारी वर्कशॉप आहेत, आणि आपलं काम त्यांच्या रोजच्या कामापुढे किरकोळ आहे. ड्रॉइंग मात्र स्वच्छ न्या. कारागीर कानडी बोलणारे असोत की मराठी, कागदावर मिमीतले आकडे आणि बाणांच्या रेघा नीट असल्या की प्रश्न उरत नाही. तोंडी सांगून काम टाकू नका.

तीन प्लेटा लागतात, ६ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या. एमडीएफ स्वस्त पडतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फुगतं आणि महिन्याभरात जुळणी बिघडते.

पहिली भिंगांची प्लेट. तिच्यावर ८४ मिमी पीसीडीवर (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) समान अंतरावर आठ भोकं, प्रत्येकाला एम ३० बाय १ चे म्हणजे ३० मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे आटे. म्हणजे आठही भोकांचे मध्य केंद्रापासून ४२ मिमीवर येतात आणि शेजारच्या दोन भोकांत ३२ मिमीहून किंचित जास्त अंतर पडतं. आट्यांत बसणाऱ्या आठ नळ्या वेगळ्या वळवून घ्यायच्या, त्यांत भिंगं बसतात. आटे १ मिमी पिचचे हवेत यामागे कारण आहे: नळी एक फेरा फिरवली की भिंग १ मिमी वरखाली होतं, अष्टमांश फेरा फिरवला की सव्वाशे मायक्रॉन. आपल्या फोकसची खोली, म्हणजे चित्र जेवढ्या अंतरात स्पष्ट राहतं ती, साधारण दीडशे मायक्रॉन आहे, म्हणजे बोटाने फिरवून फोकस मिळतो. भिंगांची नाभी कागदावर १०० मिमी लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात एक-दोन मिमी इकडेतिकडे असते, म्हणून प्रत्येक भिंगाला स्वतंत्र फोकस लागतोच.

याच प्लेटच्या मध्यभागी कॅमेरा बसतो, सेन्सर खाली आरशाकडे तोंड करून. कॅमेऱ्याचा बोर्ड बहुधा ३८ मिमी चौरस असतो. त्याचे कोपरे दोन भिंगांच्या मधल्या फटीत येतील असा तो फिरवून लावा, नाहीतर कोपरा उजेड अडवतो. नमुने गोलावरच का मांडायचे याचं उत्तर इथेच आहे. मधली जागा कॅमेऱ्याने व्यापलेली असते, आणि आठही भिंगं केंद्रापासून सारख्या अंतरावर असल्याने आठही चित्रं सारखीच मोठी येतात.

दुसरी नमुन्यांची प्लेट, भिंगांच्या वर साधारण १०० मिमीवर. तिला त्याच पीसीडीवर १५ मिमीची आठ भोकं. तिसरी दिव्यांची प्लेट, नमुन्यांच्या वर ५० मिमीवर. तळाला आरसा, कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून ४५० मिमी खाली. सगळं चार थ्रेडेड रॉडवर नट लावून उभं राहतं आणि एकूण उंची ६५० मिमीच्या आसपास भरते. आरशाखाली तीन स्प्रिंगचे स्क्रू ठेवा, त्याला तिरकं-सरळ करायला ते लागणार आहेत.

भोकं शंभर टक्के अचूक पडली नाहीत तरी घाबरू नका. भिंग ०.१ मिमी सरकलं तर नमुन्याचा दिसणारा भाग तेवढाच ०.१ मिमी सरकतो. या पद्धतीत सुतासारखं बिनचूक लागतं ते आरशाचं तोंड. आरसा एक अंश तिरका झाला तर चित्र जवळपास १६ मिमी बाजूला जातं, आणि आपला सेन्सर आहे ३.८४ मिमी रुंद.

जुळणी: आधी कॅमेरा, मग आरसा, मग भिंगं

हा क्रम बदलू नका. तो बदलला की एक बिघाड दुसऱ्याच्या पोटात लपतो आणि दिवस जातो.

कॅमेरा आरशाच्या नाभीवर आणायचा म्हणजे खूप लांबची वस्तू त्याला स्पष्ट दिसली पाहिजे. नमुन्यांची आणि दिव्यांची प्लेट काढा, भिंगांच्या नळ्या काढा आणि सांगाडा आडवा करून गच्चीवर न्या. बेळगावच्या दक्षिण बाजूला घर असेल तर येळ्ळूरच्या राजहंसगडावर रोखा. तटबंदीची रेघ पडद्यावर कातरल्यासारखी दिसेपर्यंत कॅमेरा पुढेमागे करा आणि नट आवळा. गड दिसत नसेल तर किलोमीटरभर लांबचा कुठलाही टॉवर चालेल. सकाळी लवकर करा, ऊन तापल्यावर हवा थरथरते. आरसा सूर्याकडे चुकूनही वळू देऊ नका. एवढा आरसा क्षणात सेन्सर जाळतो, आणि मध्ये डोळा आला तर डोळा.

आता सांगाडा उभा करा. समोरासमोरची दोन भिंगं बसवा आणि त्यांच्यावर बारीक खूण केलेली स्लाइड ठेवा, खूण भोकाच्या बरोबर मध्यावर. त्या दोघांचे दिवे आळीपाळीने लावत आरशाचे स्क्रू फिरवा. दोन्ही खुणा पडद्याच्या मध्याजवळ आल्या की काटकोनातली दुसरी जोडी घ्या. चारही जुळल्या की आरसा सरळ झाला. स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब टाका, ते हलणार नाहीत.

मग भिंगं एकेक करून फोकस करा. नमुन्याच्या कप्प्याच्या तळाच्या काचेवर मार्करची बारीक रेघ असेल तर तिच्यावर फोकस धरा, नंतर नळी तीन अष्टमांश फेरा वर घ्या. कप्पा १ मिमी खोल असेल तर फोकस आता पाण्याच्या मधोमध आला, कारण पाण्यातलं अर्धा मिमी अंतर भिंगाला ०.३८ मिमीसारखं वाटतं.

मोजपट्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ०.०१ मिमी खुणांची मायक्रोमीटर स्लाइड असते. आपल्या मांडणीत पडद्याच्या रुंदीत सुमारे ८५ घरं दिसली पाहिजेत. आठही जागी मोजून वहीत लिहा. एखाद्या जागी आकडा बराच वेगळा आला तर ते भिंग बदला. चित्र आरशातून आल्यामुळे उलटसुलट दिसतं, ते संगणकात फिरवता येतं, आणि आठही चित्रं एकाच दिशेने उलटी असल्यामुळे एकच नियम सगळ्यांना लागतो.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी उजेडाच्या गळतीची. एका नमुन्याचा दिवा लावा आणि त्याच नमुन्याखालचं भिंग कार्डाने झाका. पडदा पूर्ण काळा व्हायला हवा. पुसटसं काही दिसलं तर तो उजेड शेजारच्या कप्प्यातून आला आहे आणि तुमच्या प्रत्येक चित्रात शेजाऱ्याचं भूत मिसळतं आहे. प्रत्येक एलईडीपासून नमुन्यापर्यंत काळ्या कागदाची नळी लावली की हे थांबतं. सगळ्या सांगाड्यावर काळं कापड टाका.

दिवे आणि कॅमेऱ्याचा ताल

आर्डुइनोने दिवा लावायचा, कॅमेऱ्याला ट्रिगर द्यायचा, साधारण ४ मिलिसेकंद थांबायचं, दिवा बंद करून पुढच्याकडे जायचं. एका चित्राला मिळतात ८.३ मिलिसेकंद, तेव्हा वेळ भरपूर आहे. कॅमेऱ्याची ट्रिगर पिन किती व्होल्टची आहे हे माहितीपत्रकात बघा. बहुतेक वेळा ती ५ व्होल्टची नसते, म्हणून आर्डुइनोचा संकेत दोन रोधकांचा विभाजक लावून खाली उतरवा. थेट जोडलं तर कॅमेरा जाईल.

एक युक्ती सुरुवातीपासूनच वापरा. संगणक कधीकधी एखादं चित्र गाळतो. आठाच्या चक्रात एक चित्र गळलं की त्यापुढचं सगळं एकेक घर सरकतं आणि तिसऱ्या पिसवेचे ठोके चौथीच्या नावावर जमा होतात. पडद्यावर बघताना हे कळत नाही. म्हणून आठ दिव्यांनंतर नववी पायरी अंधाराची ठेवा: सगळे दिवे बंद आणि एक चित्र. प्रोग्रॅमने काळं चित्र शोधायचं आणि तिथून मोजायला सुरुवात करायची. दोन काळ्या चित्रांमध्ये आठ चित्रं नसतील तर ती फेरीच टाकून द्यायची. तेच काळं चित्र उरलेल्या आठांतून वजा केलं की बाहेरून शिरलेला उजेडही निघून जातो. या सोयीच्या बदल्यात प्रत्येक नमुन्याला सेकंदाला १५ ऐवजी १३ चित्रं मिळतात. हा सौदा मी कधीही करीन.

ट्रिगरची पिन नसलेला कॅमेरा आधीच हातात असेल तर प्रत्येक दिवा तीन चित्रांइतका वेळ चालू ठेवा आणि फक्त मधलं चित्र घ्या. मग अंधाराच्या पायरीसह नमुन्यामागे सेकंदाला चार-पाच चित्रंच उरतात. पॅरामिशियम किती आहेत, कुठे आहेत हे बघायला ती पुरतात. हृदयाचे ठोके मोजायला अजिबात पुरत नाहीत. ट्यूबलाइटखाली पंख्याची पाती थांबल्यासारखी किंवा उलटी फिरताना दिसतात ना, तेच इथे होतं: सेकंदाला पाच ठोके पाडणारं हृदय अर्धाच ठोका पाडताना दिसेल, आणि तुम्ही तो खरा धरून चालाल. कुठलीही हालचाल मोजताना तिच्या एका फेऱ्यात सरासरी दोनाहून जास्त चित्रं पडायलाच हवीत, एवढा नियम पक्का ठेवा.

यूएसबी २ वर हा कॅमेरा पूर्ण वेग गाठतो तो चित्रं दाबून पाठवल्यामुळे. न दाबलेली चित्रं सेकंदाला सुमारे १२३ मेगाबाइट भरतात आणि त्या वायरीतून ती जात नाहीत. ठोके मोजायला दाबलेली चित्रं चालतात. उजेडाचे बारीक फरक मोजायचे असतील तर वेग कमी करून न दाबलेली घ्या. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि चित्रं हाताळणारं ओपनसीव्ही वापरून नोंद आणि छाननी दोन्ही होतात. लॅपटॉप बॅटरीवर असला की आर्डुइनो आणि कॅमेरा दोन्ही त्याच्यावरच चालतात, म्हणून लोडशेडिंगमध्ये प्रयोग थांबत नाही.

जीव कुठून आणायचे

पॅरामिशियमसाठी भाताचं पिंजर मूठभर घ्या, पाण्यात उकळा, गार झाल्यावर त्यात तळ्याचं पाणी घाला आणि सावलीत ठेवा. काही दिवसांत वरच्या सायीजवळ ते दिसू लागतात. वडगाव, शहापूरच्या शिवारात किंवा खानापूरकडे पिंजराला तोटा नाही. फवारणी झालेल्या शेतातलं मात्र घेऊ नका. पॅरामिशियम सेकंदाला १ मिमीच्या आसपास पोहतं आणि आपली चौकट (एका वेळी दिसणारा भाग) ०.८५ बाय ०.५३ मिमी आहे, म्हणजे ते सेकंदाच्या आत बाहेर जातं. थोडं मिथिल सेल्युलोज घालून पाणी घट्ट केलं तर ते सावकाश चालतं.

डॅफ्निया साचलेल्या, मासे नसलेल्या डबक्यांत सापडतात. जिल्ह्यातल्या गावतळ्यांच्या कडेला बारीक जाळी फिरवून बघा. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं जिवंत खाद्य म्हणूनही मिळतात. मोठ्या नकोत, मिलिमीटरभराच्या घ्या. तळ्याचं पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. माणसाचं रक्त किंवा थुंकी या बाकावर आणायची नाही, त्याला वेगळी प्रयोगशाळा आणि वेगळी शिस्त लागते.

कप्पा बनवायला काचवाल्याकडून साध्या स्लाइडचे १८ मिमी रुंदीचे तुकडे कापून घ्या, एका स्लाइडचे चार होतात. त्यावर १ मिमी जाडीची ॲक्रिलिकची चकती, मध्ये ६ मिमीचं भोक, मत्स्यालयाच्या सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि पाण्याने धुवा, नाहीतर जीव मरतात. पाणी आणि पिसू घातली की वरून कव्हरस्लिप ठेवा. उघड्या पाण्याचा पृष्ठभाग कडेला वळतो, तो स्वतःच भिंगासारखा उजेड वाकवतो, आणि सपाट काचेने ते थांबतं. कापसाचे दोन-चार तंतू टाकले की पिसू कुशीवर स्थिर पडते. हृदय पाठीच्या बाजूला, डोळ्याच्या मागे, आतड्याच्या वर फडफडताना दिसेल. त्या जागेचा दिवा चालू ठेवून तुकडा टूथपिकने सरकवत हृदय चौकटीच्या मध्यावर आणा आणि क्लिप लावा. आठही असे बसवले की त्यानंतर हात लावायचा नाही. कप्प्यात पाण्याचा जेमतेम थेंब असतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांत नोंद उरकून पिसवा मोठ्या भांड्यात सोडा.

अख्खा मोठा जीव चौकटीत हवा असेल तर १०० ऐवजी २०० मिमी नाभीची भिंगं लावा आणि नमुन्यांची प्लेट तेवढी वर घ्या. चित्र सव्वादोन पट होईल आणि चौकट दुप्पट रुंद.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी धरते, खानापूर आणि कणकुंबीच्या बाजूला तर हमखास. काम झालं की भिंगांची प्लेट आणि आरसा झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. जेल ओलं झालं की मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतं. आरसा काढून ठेवला तर परत लावताना खुणेची जुळणी पुन्हा करा.

पहिला खरा प्रयोग

आठ पिसवांचे ठोके एकाच वेळी मोजा. प्रत्येक चित्रात हृदयावर छोटा चौकोन ठरवा, त्यातल्या उजेडाची सरासरी काढा आणि ती काळानुसार कागदावर काढा. हृदय आवळलं-फुगलं की रेघ खालीवर होते. तिची शिखरं मोजली की ठोके मिळतात. खोलीच्या तापमानाला मिनिटाला २०० ते ३०० च्या आसपास येतील. एका पिसवेचे ठोके चित्रफीत हळू करून डोळ्यानेही मोजा आणि प्रोग्रॅमच्या आकड्याशी ताडून बघा.

मग तुलना करा. चार कप्प्यांत साधं पाणी, चारांत अगदी विरळ कॅफीन. साधे चार एका बाजूला आणि कॅफीनचे दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करू नका, एकाआड एक ठेवा, म्हणजे एका बाजूची भिंगं थोडी मवाळ असली तरी निकाल झुकणार नाही. दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल करून तोच प्रयोग पुन्हा करा. कोणत्या कप्प्यात काय आहे हे ठोके मोजणाऱ्याला सांगू नका, ती वही मित्राकडे ठेवा. सतत लुकलुकणाऱ्या उजेडाचाही जिवावर परिणाम होऊ शकतो, म्हणून साध्या पाण्यातली एक पिसू नोंद सुरू होण्याआधी पाच मिनिटं अंधारात ठेवून तिचे पहिल्या मिनिटाचे आणि दहाव्या मिनिटाचे ठोके वेगळे लिहा. वहीत रकाने करा: तारीख, खोलीचं तापमान, पाणी कुठलं, कप्पा क्रमांक, पिसवेची लांबी, ठोके, टाकून दिलेल्या फेऱ्या. शेवटचा रकाना गाळू नका. त्यातला आकडा वाढू लागला की वायर सैल झाली आहे किंवा संगणक दमतो आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंतची नोंद धरायची नाही.